गाडी वळायला जागा

मन्मथअप्पांची आणि आमची पहिली ओळख एका भांडणातून झाली. भांडण अप्पांचं आणि बसच्या कंडक्टरचं होतं, आणि त्याचं कारण आम्ही होतो.

आमचं गाव हिंगणदरा, तालुका अहमदपूर. अहमदपूरहून चाकूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा फाटा लागतो आणि गाव फाट्यापासून बरंच आत, डोंगराच्या पोटात आहे. त्या सकाळी मी आणि आमचे मालक, बस्वराज, फाट्यावरच्या पुलाच्या कठड्याला टेकून उभे होतो. मालकांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि डायलिसिससाठी त्यांना नेमानं लातूरला जावं लागे. जीप आली ती भरून आली आणि तशीच पुढे गेली. मागून बस आली. ती जलद गाडी, आमच्या फाट्यावर तिला थांबा नव्हता. मी सवयीनं हात केला आणि ती सवयीनं निघून गेली. पण थोडी पुढं जाऊन थांबली.

आम्ही गाडी गाठेपर्यंत आत जोरात बोलणं चालू होतं.

"अप्पा, इथं थांबा न्हाई म्हणून तुम्हाला सांगितलं का न्हाई? घंटी माझी हाय का तुमची?" कंडक्टर म्हणत होते.

"तुझीच हाय की. म्हणून तर आधी तुला म्हणलं, वाजव. तू वाजवली न्हाईस, मग मी वाजवली." असं म्हणत एक गृहस्थ दारात आले. पांढरा सदरा, धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे. त्यांनी मालकांपुढं हात केला. "या पाव्हणं, सावकाश. पायरी उंच हाय."

अप्पांनी स्वतःची जागा मालकांना दिली आणि चाकूर येईपर्यंत आपण दांडीला धरून उभे राहिले. गाव कोणतं, दवाखाना कोणता, घरात कोण कोण, सगळी चौकशी केली. मग म्हणाले, "हिंगणदऱ्याला तर डांबरी रस्ता झाला म्हणत्यात. मग गाडी का येत न्हाई आत?"

आमचे मालक आजारी होते, तरी बोलण्यात मिश्कील होते. ते म्हणाले, "आमचं गाव म्हंजे गोणी हाय अप्पा. तोंडातून आत शिरायचं अन् तोंडातूनच बाहीर पडायचं. एकदा आलती गाडी. वळायला जागाच न्हाई. डायवरनं मागं मागं घेत फाट्यापर्यंत नेली. मान धरली बिचाऱ्याची. पुन्यांदा फिरकला न्हाई तो."

अप्पा अहमदपूरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले आडते. "जन्म गेला माझा गोण्या शिवण्यात," ते म्हणाले, "पर असली गोणी न्हाई बघितली." आणि एवढे मोठ्यानं हसले की पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. मालकही हसले. आजार कळल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

मी ही अशी बाई. शाळा चौथीपर्यंत, पुढचं जे काही आलं ते हाती पडेल ते वाचून आलं. अप्पांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात प्राध्यापक लिहितील, वकील लिहितील, मोंढ्यातली मोठी मंडळी लिहितील. अप्पांच्या प्रवासी मंडळानं किती वाड्यांवर गाड्या नेल्या, कुठं थांबे मिळवून दिले, हे ते माझ्यापेक्षा नीट सांगतील. मी आमच्या गावात गाडी कशी आली तेवढंच सांगते, कारण ते मला पूर्ण माहीत आहे.

त्या ओळखीनंतर पहिली गोष्ट झाली ती अशी, की थोड्याच दिवसांत जलद गाडी आमच्या फाट्यावर थांबायला लागली. अप्पांनी आगारात जाऊन काय सांगितलं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. पुढं मी मंडळाच्या कामाला लागले आणि अप्पांबरोबर आगारात जायला लागले, तेव्हा त्यांची रीत पाहिली. अप्पा आरडाओरडा करत नसत. खिशात भाजलेल्या शेंगा घेऊन जात, साहेबांच्या टेबलावर ठेवत आणि म्हणत, "साहेब, मी भांडायला न्हाई आलो, गाडी न्यायला आलो. तुम्ही शेंगा खा, मी बसतो." आणि बसत. शेंगा संपत, चहा येई, दुपार होई, अप्पा बसलेलेच. एक साहेब मला म्हणाले होते, "ह्यांना नाही म्हणायला काही वाटत नाही हो, पण नाही म्हटल्यावर हे जातच नाहीत."

दुसरी गोष्ट वाचण्याची. डायलिसिसला मालकांना आत घेतलं की मी बाहेर बाकावर बसून राही. एकदा गाडीत अप्पांनी विचारलं, "तेवढा वेळ तू काय करतीस?" मी म्हटलं, "भिंतीवरच्या पाट्या वाचते. आता पाठ झाल्यात." पुढच्या वेळी फाट्यावर गाडीत चढलो तर कंडक्टरनं सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा हातात दिला, अप्पांच्या दुकानातल्या माणसानं तो अहमदपूरला गाडीत आणून दिला होता. जुने दिवाळी अंक, मासिकं, शेतीची पुस्तकं, एक कोश, कसलाही क्रम नाही. ते संपले की दुसरा गठ्ठा येई. मी वाचे आणि परतीच्या गाडीत मालकांना सांगे. शब्द अडला तर दोघं मिळून अर्थ लावत असू आणि कधीकधी अगदीच चुकीचा लावत असू. तो प्रवास आजारपणाचा होता, पण माझ्या आठवणीत तो आमच्या संसारातला सगळ्यात जास्त बोलण्याचा काळ आहे. तो मला अप्पांनी दिला.

मग मालक गेले. घरीच गेले, शांतपणे. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला बसवून माती देतात. गावाच्या शेवटाला, रस्ता जिथं संपतो तिथं आमच्या शेताची एक पट्टी रस्त्याला लागून आहे. तिथं त्यांची समाधी आहे. वर लहानसा चौथरा बांधला. मी रोज सकाळी जाऊन झाडून येते, विभूती लावते, बेलाचं पान ठेवते. अप्पा माती द्यायला आले होते. नंतर मला एवढंच म्हणाले, "गठ्ठे येतच राहतील, वाचणं सोडू नकोस." आणि गठ्ठे येत राहिले.

आमची एकुलती एक लेक अश्विनी दहावी चांगल्या गुणांनी पास झाली, आणि मग गाडीचा प्रश्न माझ्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला. पुढचं शिक्षण अहमदपूरला. गावातून फाट्यापर्यंत सकाळी अंधारात चालत जायचं, तिथून मिळेल ते वाहन. तिच्या आधीच्या पोरींनी थोडे दिवस तसं केलं होतं. मग घरच्यांनी एकेकीला घरी बसवलं होतं आणि पुढं काहींची लग्नंही झाली होती. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा आमच्या गावातल्या बायका म्हणायच्या, "अर्धं काय, फुकट करा. गाडीत बसायला आधी गाडी दिसली तर पाहिजे!" मला अश्विनीला घरी बसवायचं नव्हतं. तिला नर्स व्हायचं होतं, आणि तिच्या वडिलांनी तिला तसं हो म्हटलं होतं.

मी मोंढ्यात जाऊन अप्पांपुढं उभी राहिले. "अप्पा, आमच्या गावाला मुक्कामी गाडी पाहिजे." मुक्कामी गाडी म्हणजे जी संध्याकाळी गावात येते, रात्री तिथंच थांबते आणि पहाटे माणसं घेऊन तालुक्याला निघते.

अप्पा म्हणाले, "गाडी मी आणतो. वळायला जागा तुमच्या गावानं द्यायची. हाय का?"

"बघावी लागंल."

"मग येत्या ऐतवारी येतो बघायला."

अप्पांची ही रीत मंडळातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कुठल्याही गावानं गाडी मागितली की ते आधी गावाचं काम गावाकडून करून घेतात. रस्त्यावर आलेल्या बाभळी छाटून घेतात, चालक-वाहकाला झोपायला खोली बघतात, जेवणाच्या पाळ्या ठरवतात, गाडी वळायला जागा करून घेतात आणि मगच आगारात जातात. त्यासाठी ते आपला दोर घेऊन फिरतात. आगारात उभ्या असलेल्या बसला पुढून मागपर्यंत लावून कापलेला साधा सुती दोर. नांदेडकडच्या इस्लापूरच्या लोकांनी त्यांना एकदा मार्गदर्शनाला बोलावलं होतं. तिथं स्टेज, हार, माईक सगळं तयार होतं. अप्पांनी हार बाजूला ठेवला, खांद्यावरचा दोर काढला आणि म्हणाले, "भाषण वाटंनं करतो, आधी जागा दाखवा." सभा तशीच उठून त्यांच्या मागं चालू लागली होती.

आमच्या गावातही ते रविवारी तसेच आले. दोर घेऊन सगळं गाव फिरले. मारुतीच्या पाराजवळ घरं दाटलेली. शाळेचं मैदान अरुंद. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला खडक. फिरत फिरत रस्त्याच्या शेवटाला आमच्या पट्टीत आले. गाडी पुढं घालून, मागं घेऊन वळवायची तर जागा पुरत होती. दोर ताणला, आणि तो बरोबर चौथऱ्यावरून गेला.

सरपंच म्हणाले, "एवढी एकच जागा हाय अप्पा. दुसरी न्हाई." मागून एक बाई म्हणाल्या, त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांचीही पोरगी घरी बसली होती, "गेलेल्या माणसापायी समद्या गावानं चालतच ऱ्हायाचं का?"

चौथऱ्यावरचं बेलाचं पान सरकलं होतं, ते मी नीट केलं. मी कुणाकडे बघितलं नाही.

अप्पांनी दोर गुंडाळला. "ऐका," ते म्हणाले. "ह्या जागेवरून बाईला कुणी एक सबूद बोलायचा न्हाई. बोललं असं कळलं तर गाडी सोडा, मी बी ह्या गावात पाय ठेवणार न्हाई." आणि निघून गेले.

गावानं मला काही म्हटलं नाही, हे खरं. पण न बोलणंही कळतं. अश्विनी म्हणाली, "आई, मी न्हाई जात कालेजला. बाबाला हालवू नको." ती ज्या तऱ्हेनं हे म्हणाली त्यावरून मला कळलं की तिनं घरी बसायचं ठरवून टाकलंय, आणि ते मला सहन होईना. बाजाराच्या दिवशी मी पुन्हा मोंढ्यात गेले.

"अप्पा, जागा घ्या. मठातल्या स्वामींना विचारते, विधी करून त्यांना दुसरीकडं नेऊ. गाडी येऊ द्या."

अप्पा वजनकाट्याजवळ उभे होते. ते एकदम चिडले. मी त्यांना कधी तसं चिडलेलं पाहिलं नव्हतं. "काय करायलीस तू? मला इचारतीस का सांगतीस?"

"सांगते."

"मग ऐक. माझ्यानं न्हाई व्हायचं ते. बस्वराज माझ्या जाग्यावर बसून लातूरला गेलेला माणूस हाय. त्याला उठवून मी गाडी वळवू व्हय?"

"मग पोरीचं काय करू?" मी म्हटलं. माझाही आवाज चढला. "तुम्हीच सांगा. त्यांना ठेवू का पोरीला पाठवू?"

अप्पा खाली बसले. माणसाला हाक मारून चहा मागवला. मग म्हणाले, "दोन्ही पाहिजे. गाडी बी पाहिजे अन् बस्वराज बी पाहिजे. मला जरा इचार करू दे. तवर स्वामीकडं जाऊ नकोस."

काही दिवसांनी ते आले ते दोराबरोबर एक पहारही घेऊन. सरपंचांना बोलावलं, चार लोक जमले. अप्पांनी आधी चौथऱ्याला हात जोडले, मग त्याला लागून पहार रोवली आणि दोराचं टोक तिला बांधलं.

"तुम्हा लोकांना आता मळणीयंत्र ठाऊक," ते म्हणाले. "खळं कुणाला आठवतंय? खळ्यात मधी मेढ ऱ्हाती, रोवलेलं लाकूड. बैल तिच्या भोवतीनं फिरत्यात. मेढ उपटून कुणी मळणी केलीय का कधी? आपण येड्यागत गाडी पुढं घालून मागं घ्यायचं बघत होतो. मागं घ्यायचीच कशाला? गोल फिरू द्या की तिला. गाडी गोल फिरली की मधली जागा रिकामीच ऱ्हाती."

आणि पंचाहत्तरीला आलेले आमचे अप्पा, तेव्हा अर्थात थोडे कमी वयाचे, दोर ताणून स्वतः त्या समाधीभोवती फिरले. धोतराचा सोगा एका हातात धरून, तुरीच्या धसकटांतून, पायाखाली न बघता. "एवढी फिरली पाहिजे," म्हणत. फिरताना त्यांचा पाय शेजारच्या रानात पडला आणि ते थांबले. ते रान दादारावांचं. दादाराव आमच्या भीमनगरचे, मालकांचे बालपणीचे सोबती. जमलेल्यांत तेही होते.

"दादाराव," अप्पा म्हणाले, "तुझ्या रानात पाय पडला."

"पडू द्या की. अजून जरा आत या, गाडीचा ढुंगणाकडला भाग लांब असतो." दादाराव म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "वहिनी, मी अन् बस्वराज एका पाटीवर शिकलो. त्याच्या भोवतीनं गाडी फिरणार म्हणल्यावर इचारायचं काय त्यात? फकस्त पहिल्या दिशी मला खिडकीची जागा पाहिजे, अप्पा."

"खिडकी काय, डायवरच्या मांडीवर बसवतो तुला!"

मला तेव्हा कळलं की आता गाडी येणार.

काम सुरू झालं. गावातला ज्याचा त्याचा ट्रॅक्टर डोंगराचा मुरूम घेऊन आला. बायकांनी पाट्या वाहिल्या. ज्या बाईंनी मला तो टोमणा मारला होता त्या सगळ्यात आधी येत आणि सगळ्यात शेवटी जात. चौथऱ्याभोवतीचा दगडी कठडा आम्ही दोघींनी मिळून रचला. अप्पा दर रविवारी येऊन बघून जात आणि मुरूम कमी दिसला की म्हणत, "एवढ्या मुरमात तर कोंबडी बी रुतंल."

मधेच एक अडचण आली. गावात जीप चालवणारे चाँदभाई मुरूम टाकायला आले नाहीत. अप्पा स्वतः त्यांच्या घरी गेले. चाँदभाई म्हणाले, "अप्पा, तुमची गाडी आली तर मी काय खाऊ? माझ्याच खड्ड्याची माती मी वाहू का?" अप्पांनी ते मनाला लावून घेतलं. मंडळाच्या बैठकीत ते म्हणाले की कुणाची चूल विझवून गाडी आणायची नाही. मग ठरलं की पहाटे आणि संध्याकाळी गाडी, आणि बाजाराच्या दुपारची माणसं, पलीकडच्या वाड्यांवरची ने-आण, अवेळी दवाखान्याला जाणारं माणूस हे सगळं चाँदभाईंचं. वाड्यांवरची माणसं आता आमच्या गावात गाडी धरायला येऊ लागली आणि त्यांना आणणारे चाँदभाईच. आता ते म्हणतात, "गाडी आणली मीच, अप्पा फक्त हार घालून घ्यायला होते."

आगारानं जागा बघितली, रिकामी गाडी आणून फिरवून बघितली आणि मंजुरी दिली. पहिली मुक्कामी गाडी येणार त्या संध्याकाळी अख्खं गाव वेशीवर होतं. उत्साहाच्या भरात आम्ही वेशीत मोठी स्वागतकमान उभारली होती, कापडाची, झालरीची, आणि मधोमध अप्पांचा फोटो आणि नाव असलेला फलक. गाडी आली. तिला पुढं फुलांच्या माळा होत्या. पहिल्या खिडकीत दादाराव होते, त्यांना फाट्यावरून बसवून आणलं होतं, आणि पुढच्या सीटवर अप्पा. हलगी वाजायला लागली आणि गाडी कमानीपुढं येऊन थांबली. ती थांबलीच.

चालकांनी डोकं बाहेर काढलं. "ह्याच्या खालून जायचं म्हणता? मग आधी टप काढून ठेवू का?"

कमान ठेंगणी होती. मंडपवाल्याला जाब विचारला तर तो म्हणाला, "ट्रॅक्टर तर आरामात गेलता की. मी ट्रॅक्टर घालून मापलं!" साऱ्या गावानं कित्येक दिवस दोर घेऊन बसची लांबी मोजली होती, आणि उंची बघायची कुणालाच सुचली नव्हती.

अप्पा खाली उतरले, वर बघितलं. "हात्तिच्या! माझंच थोबाड आडवं आलं व्हय गाडीला? काढा ते."

"अप्पा, फोटो हाय तुमचा. आजच्या दिशी असा कसा पाडावा?" सरपंच म्हणाले.

"फोटो पडला म्हणून मी पडतो का? सोड ती दोरी. डायवर थांबलाय." आणि कुणी पुढं होईना तेव्हा त्यांनी स्वतः एका बाजूची गाठ सोडली. फलक खाली आला, कमान एका अंगाला लवंडली आणि अप्पा आपल्याच फोटोवरून चालत जाऊन गाडीत बसले. लोक हसून हसून बेजार झाले. हलगीवाला तर वाजवायचं विसरला.

मी तोपर्यंत पुढं जाऊन चौथऱ्याजवळ उभी राहिले होते. अश्विनी माझ्याजवळ होती. गाडी आली, हळूच वळली आणि समाधीला पूर्ण वळसा घालून गावाकडं तोंड करून उभी राहिली. एकदाही मागं घ्यावी लागली नाही. चालकांनी हॉर्न वाजवला. बायका ओरडल्या, पोरी गाडीत चढून बसल्या आणि उतरेनात. धुळीचा लोट आमच्यावरून गेला. मी पदरानं चौथऱ्यावरची धूळ पुसायला लागले.

अप्पा उतरून माझ्याजवळ आले. "नको पुसू," ते म्हणाले. "आता रोजच बसायचीय ती."

त्या संध्याकाळची आणखी एक गोष्ट लिहायला हवी. मुक्कामी गाडीच्या चालक-वाहकाचं जेवण गावातल्या घरांनी पाळीनं द्यायचं असतं. पहिली पाळी कुणाची यावर कुजबुज होती. मोठ्या घरांना तो मान आपला वाटत होता. अप्पांनी विचारलंच नाही. "ज्यानं न मागता रान दिलं त्याच्याकडं पहिलं जेवण," म्हणाले आणि चालक-वाहकाला घेऊन भीमनगरात दादारावांच्या घरी गेले. आणि नुसतं पोचवून आले नाहीत. स्वतः मांडी घालून बसले. दादारावांच्या मंडळींनी पिठलं, ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला. अप्पांनी भाकरी मागून घेतली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गावात पाळ्या घरांच्या ओळीनं चालल्या, मधलं एकही घर न गाळता. कुणी भाषण केलं नाही, ठराव केला नाही. अप्पा जेवले तेवढंच.

अश्विनी दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गाडीनं अहमदपूरला गेली. तिच्याबरोबर घरी बसलेल्यांपैकी दोघी पुन्हा नाव घालून जाऊ लागल्या. आता ती नांदेडला नर्सिंगला आहे. सुट्टीला येते ती संध्याकाळच्या गाडीनं, आणि गाडी वळताना खिडकीतून वडिलांना हात जोडते. नवे चालक आले की त्यांना आधीचे चालक सांगून ठेवतात, त्या चौथऱ्याजवळ जरा हळू घे. मी कुणालाही तसं सांगितलेलं नाही. बाळंतीण बायका त्या गाडीनं तपासायला जातात. भाजी, दूध, अंडी त्या गाडीनं जातात. मालकांसारखा एक आजारी माणूस सध्या आमच्या गावात आहे. त्यांना त्यांची सून दारातून गाडीत बसवते आणि दारात उतरवून घेते. त्यांना बघते तेव्हा मला आमचा फाटा आठवतो, आणि वाईट वाटतं, आणि बरंही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

आता अप्पांचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी बसच्या पायऱ्या चढायला मनाई केली आहे, आणि अप्पा ती पाळत नाहीत हे त्यांच्या सूनबाईंनी मला सांगितलंय. रोज सकाळी त्यांचा मला फोन येतो. "सुटली का?" मी म्हणते, "सुटली." "पोरी किती हायत आज?" मी सांगते. "बरं," म्हणतात आणि ठेवतात. गेल्या हिवाळ्यात ते आजारी पडले तेव्हा दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी मीच लावला. पलीकडून खोकत खोकत आवाज आला, "जित्ता हाय मी. गाडी सुटली का तेवढं सांग."

गाडी सुटली होती, अप्पा. आजही सुटली. उद्याही सुटेल.

आमचे मालक गेले तेव्हा त्यांचं जायचं वय नव्हतं. त्यांची जगायची राहिलेली वर्षं कुठं जातात, कुणाच्या वाट्याला येतात, हे मला अप्पांनी दिलेल्या कुठल्याच गठ्ठ्यात वाचायला मिळालं नाही. ती कुणाला लागणार असतील तर अप्पांना लागोत. न दुखणाऱ्या गुडघ्यांनी आणि मोकळ्या श्वासानं लागोत. मालकांना विचारलं असतं तर त्यांनीही लगेच हो म्हटलं असतं, आणि वर अप्पांची काहीतरी थट्टा केली असती.